एक्झॉस्ट मोकळा केला आणि बूस्ट हाताबाहेर गेला

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन लिटरची टर्बो पेट्रोल गाडी. मूळचा डाउनपाइप (टर्बोला लागून येणारा एक्झॉस्टचा पहिला पाइप), कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि मागचा सायलेन्सर काढून सगळीकडे तीन इंची पाइप टाकला. आधी बूस्ट, म्हणजे टर्बो ज्या जादा दाबाने इंजिनात हवा ढकलतो तो, ०.९ बारवर स्थिर असायचा. आता ४५०० आरपीएमनंतर तो चढत चढत १.३ बारपर्यंत जातो, मग अचानक कुणी पेट्रोल तोडल्यासारखा धक्का बसतो, इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०२३४, म्हणजे जास्त बूस्टचा कोड, दिसतो. मेकॅनिक म्हणतो बूस्ट कंट्रोलर बसवा. मित्र म्हणतो पाइप फार मोकळा झालाय, आत एक रिंग टाका. आणि मालकाच्या मनात तिसरीच धास्ती: टर्बो गेला की काय?

धास्तीचं आधी मिटवतो. टर्बो गेला असता तर बूस्ट कमी मिळाला असता, निळा धूर दिसला असता, शिट्टीचा सूर बदलला असता. तुमचा टर्बो सांगितलंय त्यापेक्षा जास्त काम करतोय. त्याला आवरणारं जे वेस्टगेट आहे, त्याच्या गळ्यात त्याच्या ताकदीबाहेरचं काम पडलंय. कंट्रोलर मात्र इतक्यात विकत घेऊ नका. का, ते पुढे येईलच. मित्राची रिंग ऐकायला वेडगळ वाटते, पण तितकी वेडगळ नाही.

टर्बोमधलं चाक, म्हणजे टर्बाइन, एक्झॉस्टच्या वाऱ्यावर फिरतं असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात त्याला किती ताकद मिळते ते गॅस किती आणि किती गरम आहे यावर, आणि टर्बाइनच्या अलीकडचा (इंजिनाकडचा) दाब भागिले पलीकडचा (सायलेन्सरकडचा) दाब या गुणोत्तरावर ठरतं. समजा जुन्या सायलेन्सरसकट अलीकडे २.२ बार आणि पलीकडे १.३ बार दाब होता (दोन्ही निरपेक्ष, म्हणजे वातावरणाचा दाब धरून). गुणोत्तर झालं १.७. आता मागचा सगळा मार्ग मोकळा केला आणि पलीकडचा दाब १.१ वर आला. अलीकडचा दाब तोच राहिला तर गुणोत्तर थेट २ होतं. इंजिनाला हातही न लावता टर्बाइनची ताकद वाढली. म्हणून तर खालच्या आरपीएमला गाडी आता लवकर उचलते. तो भास नाही.

ही जादाची ताकद कुठेतरी सोडून द्यावी लागते. ते काम वेस्टगेटचं: टर्बाइनला वळसा घालून काही गॅस बाजूच्या भोकातून थेट पुढे सोडायचा. इथे एक गंमत आहे, आणि ती भल्याभल्या मेकॅनिकांच्या ध्यानात येत नाही. मागचा दाब कमी झाला की तेवढ्याच बूस्टसाठी टर्बाइनला कमी गॅस पुरतो, म्हणजे वेस्टगेटमधून आधीपेक्षा जास्त गॅस जायला हवा. पण त्याच वेळी टर्बाइनच्या अलीकडचा दाबही खाली येतो, आणि भोकातून गॅस ढकलणारा दाब तोच असतो. म्हणजे काम वाढलं आणि भोकाची क्षमता घटली. खालच्या आरपीएमला एकूण गॅसच कमी, त्यामुळे निभावून जातं. वरती गॅसचा लोंढा वाढतो, झडप पूर्ण उघडी असूनही भोक पुरत नाही, आणि उरलेला गॅस टर्बाइनमधूनच जातो. बूस्ट आरपीएमबरोबर चढत राहतो. यालाच बूस्ट क्रीप म्हणतात.

बूस्ट आवरायचं काम सायलेन्सरही करत असतो, यात नवीन काही नाही. १९६२ साली अमेरिकेत टर्बो असलेल्या दोन मोटारी बाजारात आल्या. त्यातल्या ओल्ड्समोबिल जेटफायरला वेस्टगेट होतं. दुसरीला, शेव्हरोले कॉर्वेअर मॉन्झा स्पायडरला, वेस्टगेटच नव्हतं. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट यांच्या अडथळ्यावरच तिचा बूस्ट आवरला जायचा. अशा गाडीचा सायलेन्सर मोकळा करणं म्हणजे लगामच कापणं. तुमच्या गाडीला वेस्टगेट आहे, पण त्याचं भोक कारखान्यात ठरलं ते जुना अरुंद एक्झॉस्ट आणि कॅट धरून. ती अडचण काढलीत, तेव्हा बूस्ट आवरणारा अर्धा भागीदार काढलात. रोटरी इंजिनाच्या माझ्दा आरएक्स-७ वाल्यांना हे पाठ आहे. पूर्ण मोकळा एक्झॉस्ट टाकायचा तर वेस्टगेटचं भोक मोठं करून घ्यायचं, हे त्या गाडीत वर्षानुवर्षं ठरून गेलेलं आहे.

पण थांबा. लक्षणं क्रीपची दिसतात म्हणून क्रीपच असेल असं नाही. जास्त बूस्टचे तीन वेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. न तपासता सामान बदलत बसलात तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पहिला आजार स्पाइक, म्हणजे क्षणभराची उसळी. ३००० ते ३५०० आरपीएमच्या आसपास बूस्ट झपकन वर जातो, ठरलेला आकडा ओलांडतो आणि एक-दोन सेकंदांत जागेवर येतो. यात भोक पुरेसं असतं. टर्बो आता लवकर जागा होतो आणि ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) गणित अजून जुन्या संथ टर्बोचं असतं. तो गेट बंद धरून ठेवतो, आणि उघडायला जातो तोवर उशीर झालेला असतो. दुसरा आजार क्रीप; तो वर सांगितला. तिसरा म्हणजे झडप उघडतच नाही किंवा अर्धवट उघडते. ॲक्च्युएटरची (दांडीने झडप हलवणाऱ्या डबीची) नळी निसटलेली असते, पडदा फाटलेला असतो, दांडी अडकलेली असते, किंवा झडप नव्या डाउनपाइपला आपटत असते. या तिसऱ्यात क्रीपसारखंच दिसतं, पण बहुतेक वेळा बूस्ट जास्त लवकर आणि जास्त जोरात वर जातो.

तिघांना वेगळं करायला लॉग, म्हणजे गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद, घ्या. मोकळ्या बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरवर) तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या आणि एवढ्या गोष्टी नोंदवा: आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, वेस्टगेट सोलेनॉइडची (ॲक्च्युएटरचा दाब कमी-जास्त करणाऱ्या विजेच्या झडपेची) ड्यूटी म्हणजे ती किती टक्के वेळ चालू आहे, थ्रॉटलचा कोन, इग्निशन किती मागे खेचलं जातंय, आणि हवा-इंधनाचं प्रमाण. बूस्ट ठरलेल्या आकड्याच्या ०.२ बार वर गेला की पाय काढायचा; रेडलाइनपर्यंत जायलाच हवं अशी शपथ कुणी घातलेली नाही. मग ड्यूटीची रेघ पाहा. बूस्ट वर चढतोय आणि ड्यूटी शून्यावर जाऊन बसली आहे, याचा अर्थ ईसीयूने हात टेकले. त्याच्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही, आता कारण लोखंडातच शोधायचं. उलट बूस्ट जास्त असताना ड्यूटीही ३०-४० टक्के दिसत असेल, तर ईसीयू स्वतःच गेट दाबून धरतोय आणि दुरुस्ती ट्यूनमध्ये, म्हणजे ईसीयूमधल्या आकड्यांत, आहे. एक सावधगिरी: व्हॅक्यूमवर चालणाऱ्या गेटमध्ये व्हॅक्यूम दिला की गेट बंद होतं, आणि काही गाड्यांत ड्यूटीचा आकडा उलटाही वाचावा लागतो. आपली पद्धत कुठली ते आधी पाहून घ्या.

आकड्यांचा आणखी एक घोळ नेहमी होतो. डॅशबोर्डवर लावलेला गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो आणि स्कॅनर बहुधा निरपेक्ष दाब दाखवतो. समुद्रसपाटीला गेजवर ०.९ बार म्हणजे स्कॅनरवर साधारण १.९. एकाने मला घाबरून सांगितलं होतं की बूस्ट दुप्पट झालाय. त्याने फक्त वाचायचं उपकरण बदललं होतं. पीएसआयमध्ये बोलायचं तर ०.९ म्हणजे १३ आणि १.३ म्हणजे जवळपास १९. कुठल्या एककात बोलतोय ते सांगितल्याशिवाय बूस्टचा आकडा मला सांगू नका, असं मी गिऱ्हाइकांना चिडून सांगतो, आणि तरी ते सांगतातच.

तुमच्या गाडीचं गेट दाबावर उघडणारं असेल, तर पुढची तपासणी फुकटातली आणि सगळ्यात जास्त सांगणारी आहे. सोलेनॉइड वगळा. कंप्रेसरच्या (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाच्या) तोंडापासून ॲक्च्युएटरपर्यंत एक सरळ छोटी नळी जोडा आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प लावा. आता ईसीयूचं काही चालत नाही, फक्त स्प्रिंगचं चालतं. बूस्ट स्प्रिंगच्या आकड्यावर, समजा ०.५ किंवा ०.६ बारवर, रेडलाइनपर्यंत सपाट राहिला तर लोखंड निरोगी आहे. गडबड सोलेनॉइड, नळ्या किंवा ट्यूनमध्ये. याही स्थितीत वर जाता जाता बूस्ट चढू लागला, तर एकतर भोक पुरत नाही किंवा झडप पुरती उघडत नाही. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या गेटला ही युक्ती लागू नाही. तिथे स्कॅनरवरून मोटर चालवून जागेचा आकडा पाहावा लागतो.

भोक पुरत नाही की झडप उघडत नाही, हा निवाडा करायला लोक टर्बो उतरवायला घेतात. गरज नाही. हातपंपाने ॲक्च्युएटरला दाब द्या आणि दांडी किती मिलिमीटर सरकते ते व्हर्नियरने मोजा. मग डाउनपाइपचे नट काढा, तो मागे सारा आणि तेच पुन्हा मोजा. डाउनपाइप लावलेला असताना ७ आणि काढल्यावर १२ आलं, तर झडप आत कुठेतरी आपटतेय. कुठे ते बघायचं असेल तर डाउनपाइपच्या आतल्या बाजूला मुलांच्या खेळण्यातली क्ले चिकटवा, पाइप परत लावा, झडप उघडा, पाइप काढा. ठसा उमटलेला असतो. डाउनपाइपचे जे साचे बाजारात मिळतात त्यात गेटच्या गॅससाठी कधी वेगळी नळी असते, कधी मध्ये पत्र्याचा पडदा असतो, कधी सगळं एकाच मोठ्या तोंडात. पडदा असलेल्यात ही भानगड जास्त. एका गाडीत वेल्डिंग करताना तो पडदा फ्लँजच्या पातळीपेक्षा तीन-चार मिलिमीटर पुढे राहिला होता. झडप तिथपर्यंत यायची, पत्र्याला टेकायची आणि थांबायची. मालकाने तोवर दोन सोलेनॉइड बदलले होते.

आणि माझी स्वतःची चूकही सांगून टाकतो. कामाची सुरुवातीची वर्षं होती. लॉग पाहिला, क्रीप आहे म्हणालो, टर्बाइन हाउसिंग उतरवलं, भोक कोरून मोठं केलं, सगळं परत लावलं आणि बूस्ट तसाच. दोन दिवसांनी लक्षात आलं की नव्या गॅस्केटची आतली कड वेस्टगेटच्या मार्गात आडवी येत होती. अर्धा रस्ता तिनेच अडवला होता. गॅस्केट फ्लँजवर धरून आतली कड पेन्सिलने आखायला एक मिनिट लागतं. तेव्हापासून ते मिनिट मी वाचवत नाही.

झडप किती उघडायला हवी याचा ढोबळ हिशेब असा. भोकाच्या व्यासाच्या चौथ्या हिश्श्याएवढी झडप उचलली गेली, की कडेने मोकळी झालेली जागा भोकाच्या क्षेत्रफळाएवढी होते. २८ मिलिमीटरच्या भोकाला ७ मिलिमीटर. पण ही झडप बिजागरीवर तिरकी उघडते, त्यामुळे ७ हा आकडा मध्यभागी मिळायला हवा, बाहेरच्या टोकाला नव्हे. आणि झडप उघडून समोर लगेच भिंत असेल तर हिशेब कागदावरच राहतो.

आता समजा झडप पूर्ण उघडते, गॅस्केट स्वच्छ आहे, सरळ नळी लावूनही बूस्ट चढतोच. मग खरा क्रीप. इथे सगळ्यात जास्त केला जाणारा उपाय म्हणजे दांडीचा ताण सैल करणं किंवा मऊ स्प्रिंगचा ॲक्च्युएटर लावणं. त्याने खालचा बूस्ट कमी होतो, गाडी मरगळते आणि वरचा क्रीप जिथल्या तिथे. कारण वरती झडप आधीच पूर्ण उघडी आहे. मऊ स्प्रिंग तिला आणखी काय उघडणार? बूस्ट कंट्रोलरचंही तेच. तो ॲक्च्युएटरकडे जाणारा दाब चोरून गेट जास्त वेळ बंद ठेवतो, म्हणजे बूस्ट वाढवू शकतो. स्प्रिंगच्या आकड्याखाली बूस्ट आणणं त्याला जमत नाही आणि भोक तर त्याला मोठं करता येतच नाही. तुमच्या मेकॅनिकचा सल्ला या प्रश्नाला लागू नाही.

खरे उपाय तीन. पहिला, आतलं भोक मोठं करणं. २४ मिलिमीटरचं ३० केलं तर क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं, त्यामुळे थोडंसं कोरण्यानेही बराच फरक पडतो. पण झडपेला बसायला चहूबाजूंनी निदान दोनेक मिलिमीटर सपाट बैठक उरली पाहिजे. नाहीतर गेट बंद असतानाही गळतं आणि मग खालचा बूस्ट येत नाही. गरज पडली तर झडपही मोठी घ्यायची. भोकाएवढंच महत्त्व त्याच्या अलीकडच्या वळणाला आहे. गॅस सरळ टर्बाइनकडे धावत असतो आणि भोक बाजूला काटकोनात असतं. भोकाची अलीकडची धार गोलाई देऊन उतरती केली, तर नुसत्या व्यासापेक्षा जास्त फायदा होताना मी पाहिलाय. कास्टिंगची भिंत कुठे पातळ आहे ते न पाहता ग्राइंडर चालवू नका, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा उपाय म्हणजे बाहेरचं वेस्टगेट. हा मोठा खर्च आणि मोठं काम आहे. बूस्ट पुढे आणखी वाढवायचा बेत असेल तरच त्यात पडा. त्यातही गेट मॅनिफोल्डवर (इंजिनातला गॅस टर्बोकडे नेणाऱ्या भागावर) कुठे बसवलंय यावर सगळं अवलंबून. प्रवाहाला उलट्या दिशेने जोडलेलं ४५ मिलिमीटरचं गेट प्रवाहाच्या वाटेवर नीट बसवलेल्या ३८ च्या गेटपुढे हरतं.

तिसरा उपाय कुणाला ऐकायला आवडत नाही: थोडी अडचण परत आणा. चांगल्या प्रतीचा हाय-फ्लो, म्हणजे कमी अडथळ्याचा, कॅट टाका. मोकळ्या पाइपाने मिळालेला बराचसा फायदा टिकतो, पलीकडचा दाब थोडा वाढतो, आणि पुष्कळ वेळा तेवढ्यानेच क्रीप रेडलाइनच्या पलीकडे ढकलला जातो. शिवाय रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि कॅटच्या मागच्या सेन्सरमुळे पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा कोड, आज ना उद्या लागणारच. तुमच्या जागी मी असतो तर इथूनच सुरुवात केली असती. मित्राची रिंग याच जातीची आहे. पाइपात अडथळा आला की क्रीप कमी होतो, भौतिकशास्त्र तिच्या बाजूने आहे. पण तीन इंची पाइप घ्यायचा आणि मग त्यात दोन इंची भोक ठेवायचं, यापेक्षा अडीच इंची पाइप घेतलेला काय वाईट? गाडी डायनोवर नेईपर्यंतचा तात्पुरता बंदोबस्त म्हणून रिंग चालेल. कायमचं औषध नव्हे.

‘इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच’ हे वाक्य मात्र डोक्यातून काढून टाका. टर्बाइनच्या पलीकडे दाब जितका कमी तितकं टर्बोला बरं. अडचण मुद्दाम ठेवतो ती गेटचं भोक लहान आहे म्हणून.

स्पाइक निघाला तर काम बहुतेक ट्यूनचं. ३००० ते ४००० आरपीएमच्या पट्ट्यातली ड्यूटी टप्प्याटप्प्याने खाली आणायची, प्रत्येक वेळी लॉग घ्यायचा. त्याआधी ॲक्च्युएटरच्या नळ्या लांब आणि लोंबत्या असतील तर आखूड करा. लांब मऊ नळी फुगते आणि दाब उशिरा पोचवते. एवढ्यावर कितीतरी उसळ्या बसलेल्या पाहिल्यात.

काहीही ठरलं तरी एक गोष्ट करू नका. ईसीयूला कमी बूस्ट दाखवून इंधन-कट बंद पाडणाऱ्या छोट्या डब्या मिळतात. तो धक्का त्रासदायक असेल, पण तोच तुमचा पिस्टन वाचवतोय. १.३ बारला जी हवा आत जातेय तिच्या मापाचं पेट्रोल इंजेक्टर देऊ शकतात का, हे तुम्हाला अजून माहीत नाही. पूर्ण बूस्टवर पेट्रोल इंजिनाचं हवा-इंधन प्रमाण साधारण ११.५ ते १२ च्या आसपास असावं लागतं. शांत चालीतल्या १४.७ कडे ते सरकू लागलं की नॉक, म्हणजे पेट्रोलचा अवेळी स्फोट, सुरू होतो, आणि नॉकला रिंगांमधली पिस्टनची कड तोडायला फार वेळ लागत नाही. हवेचं वजन मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्या वाढीव हवा ओळखून निदान प्रयत्न तरी करतात. दाबावरून हवेचा अंदाज बांधणाऱ्या गाड्यांचा तक्ता जुन्या एक्झॉस्टवर बनलेला असतो. मोकळ्या एक्झॉस्टने त्याच दाबाला जास्त हवा आत जाते, आणि ते त्या तक्त्याला कळत नाही. म्हणून पाइप बदलला की ट्यून बदलणं आलंच.

हवामानाचा भाग वगळू नका. १० अंश तापमानाची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के दाट असते. दुपारी गाडी शहाण्यासारखी वागते आणि पहाटे कट मारते, ही तक्रार म्हणजे क्रीपची जवळपास सहीच. तसंच दुसऱ्या गिअरमध्ये काही दिसत नाही आणि चौथ्यात दिसतं, कारण दुसऱ्यात इंजिन वरच्या आरपीएमवर टिकतच नाही.

याच कामानंतर उलटी तक्रारही येते: बूस्ट पूर्वीपेक्षा कमी, पी०२९९. तिथे एक्झॉस्टच्या व्यासाला दोष देण्यात अर्थ नाही. काम करताना काहीतरी हललंय. टर्बो उचलताना हात सहज ॲक्च्युएटरच्या दांडीवर जातो, ती किंचित वाकते आणि झडप पूर्ण मिटत नाही. मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्यामधलं गॅस्केट जुनंच वापरलेलं असतं, आणि टर्बाइनच्या अलीकडे गॅस गळाला म्हणजे ताकद गळाली. टर्बोच्या पलीकडची गळती आवाज करते, बूस्ट खात नाही. अलीकडची गळती थंड इंजिनवर टिकटिक करते, फ्लँजभोवती काळी काजळी सोडते, आणि गरम झाल्यावर कधीकधी स्वतःच मिटते, त्यामुळे गॅरेजमध्ये येईपर्यंत गाडी बरी. इंटरकूलरच्या होजचा क्लॅम्प सैल राहणं तर रोजचंच. हवेच्या मार्गाला बाहेरून नेहमीच्या बूस्टएवढाच दाब द्या, साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे कुठे येतात ते दिसेल.

उष्णतेचीही एक गोष्ट आहे. नवा डाउनपाइप बसवताना उष्णतारोधक पत्रे अडचण करतात म्हणून काढून ठेवले जातात आणि तिथेच कोपऱ्यात पडून राहतात. मग वीस मिनिटं गाडी चालली की ॲक्च्युएटरची रबरी नळी मऊ होते किंवा सोलेनॉइडचा कनेक्टर भाजतो. थंड गाडीत सगळं ठीक, तापल्यावर बूस्ट लहरी, असं असेल तर पत्रे कुठे गेले ते आधी विचारा. आणि पाइपात लवचीक जोड नसेल तर इंजिन हलताना सगळा भार टर्बोवर येतो. काही महिन्यांत मॅनिफोल्डला तडा जातो आणि पुन्हा तीच अलीकडची गळती.

गाडी वरती दमते, पण बूस्ट मागितल्याएवढाच येतोय, असं असेल तर थ्रॉटलची रेघ पाहा. आजकालचे ईसीयू टॉर्कचा हिशेब ठेवतात. बूस्ट किंवा टॉर्क हिशेबाबाहेर गेला की ते गुपचूप थ्रॉटल मिटवतात. चालकाला वाटतं टर्बो दमला, प्रत्यक्षात दार लोटलेलं असतं.

पुढचा ऑक्सिजन सेन्सर नव्या पाइपात कुठे बसलाय तेही बघा. आडव्या रेषेपासून निदान १० अंश वरच्या बाजूला तो हवा. खाली तोंड करून बसवला तर पाइपातलं पाणी त्याला मारतं. त्याच्या अलीकडे फ्लँज गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण कमी पेट्रोलचं वाटतं आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो.

डिझेलवाल्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं लावू नये. बहुतेक आधुनिक डिझेल टर्बोत बाजूचं भोक नसतं, टर्बाइनभोवतीची पाती कोन बदलतात. एक्झॉस्ट मोकळा झाला की पात्यांच्या त्याच कोनाला टर्बो जास्त वेगाने फिरतो, आणि ईसीयूला पाती आणखी उघडावी लागतात. पाती काजळीने जड झालेली असतील तर ती वेळेवर उघडत नाहीत: ॲक्सिलरेटर झटकन दिला की उसळी, लगेच लिम्प मोड, म्हणजे ईसीयू ताकद आवळून धरतो. व्हॅक्यूमचा ॲक्च्युएटर असेल तर हातपंपाने दांडी हळूहळू हलवून बघा. ती कुठेही न अडखळता जायला आणि परत यायला हवी. टप्प्याटप्प्याने उड्या मारत हलत असेल तर पाती साफ करायची वेळ झाली. डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) काढलेल्या गाड्यांबद्दल माझं मत सरळ आहे: मी ते काम करत नाही. पण ज्यांनी केलंय त्यांच्या दाबाच्या आणि तापमानाच्या सेन्सरच्या तारा कुठे लोंबतायत, इथून तपास सुरू करावा लागतो.

तर तुमच्या गाडीपुरता क्रम असा. आज दांडीचा प्रवास डाउनपाइपसह आणि डाउनपाइपशिवाय मोजा. फरक आला तर पाइप घासा किंवा बदला, बाकी कशाला हात लावू नका. फरक नसेल तर सरळ नळी जोडून स्प्रिंगच्या बूस्टवर एक लॉग. तिथेही बूस्ट चढला तर हाय-फ्लो कॅट. तेवढ्याने भागलं नाही तर हाउसिंग उतरवून भोक कोरायचं. तोवर ४००० च्या वर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका. दुरुस्ती झाली की ट्यून, आणि ट्यून झालं की शेवटचा लॉग थंड पहाटे, चौथ्या गिअरमध्ये घ्या. दुपारच्या उन्हात तिसऱ्यात सपाट आलेली रेघ दाखवून मी कधी कुणाला गाडीची चावी परत दिलेली नाही.